खिळा किती आत

स्टेशनासमोर टांगा वळला आणि घोड्याच्या एका पायाचा आवाज चुकला. तीन टापा नीट, ठसठशीत, आणि चौथीला सैल नालाचं खणखणणं. एवढंच. परभणीच्या त्या गजबजाटात कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. खुद्द टांगेवाला विडी ओढत खुशाल बसला होता. माणिकराव मात्र जागच्या जागी थांबले. मागून येणारा बन्सीधर त्यांच्या पाठीवर आदळला आणि वैतागून म्हणाला, "आता काय झालं? चला की, वकीलसाहेब वाट बघायलेत." माणिकराव म्हणाले, "काई न्हाई, चल." घोडं डोळ्यांपुढून गेलं, पण कानातून जाईना. हे काही आजचं नव्हतं. श्रावणापासून त्यांना ही खोड लागली होती. दारावरून कुणाचंही जनावर गेलं की ते आधी त्याच्या खुरांकडे बघायचे. त्यांची बायको दैवशाला एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली होती, "माणसं तोंडाकडं बघून बोलत्यात. तुमी आजकाल मातीकडं बघून बोलायलाव." त्यावर ते हसले होते. पण तिला काय सांगणार? घरातल्या बाईला सांगायच्या गोष्टी असतात आणि नसतात, आणि ही तर स्वतःलाही सांगायची नव्हती.

गावापासून जवळचं स्टेशन चुडाव्याचं; तिथून सकाळच्या गाडीनं ते तिघे आले होते. माणिकराव, बन्सीधर आणि पारूबाई. लष्कर आलं, निजामानं हात टेकले, त्याला महिना होत आला होता. रझाकारांना साथ देणाऱ्यांची गावोगाव धरपकड झाली आणि त्यात यांच्या गावचा मदार नालबंदही उचलला गेला. गुन्हा लपलेला नव्हता. चुडाव्याच्या बाजारात, भर दुपारी, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत त्यानं रझाकारांच्या घोड्यांना नाल ठोकले होते. आता तो इथं परभणीत, एका गोदामात, त्याच्यासारख्याच इतरांबरोबर बंद होता. आज दुपारी नव्या साहेबांपुढे गावानं सांगायचं होतं की हा माणूस शत्रूचा होता की आपला. आपला म्हटलं तर सुटेल. नाही म्हटलं तर सगळ्यांबरोबर पुढच्या तुरुंगात जाईल, आणि तिथून कोण कधी परत येईल ते देवालाच ठाऊक. गावच्या वतीनं बोलायला माणिकराव, कारण रझाकारांना गावानं परतवलं ते त्यांच्या पुढारपणाखाली, असं सगळा मुलूख म्हणत होता. आणि पारूबाई, कारण त्या दिवशी वेशीत गोळी लागून जो गेला तो चंद्रभान तिचा एकुलता एक.

हॉटेलात दिनकरराव बसलेच होते. मूळचे गावचेच, आता इथं वकिली करत, आणि रुमी टोपी टाकून गांधी टोपी घातल्यापासून नव्या साहेबांकडे त्यांची ऊठबस होती. त्यांनी चहा सांगितला. पारूबाई बाकावर बसेना. दारालगत जमिनीवर गाठोडं मांडीत घेऊन बसली. दिनकरराव म्हणाले, "हे बघा, साहेब माणूस चांगला आहे, पण वेळ नाही त्याला. तो एकच विचारणार. यानं तुम्हाला मदत केली का, आणि केली तर किती केली. त्या 'किती'वर सगळं आहे. उगीच पाणी प्यायला दिलं, वाट दाखवली, असलं चालायचं नाही. ते सगळेच सांगायलेत."

"माणिकराव सांगतेत की, त्यानं घोड्याच्या खुरात खिळा आत मारला म्हणून," बन्सीधर म्हणाला. "मारला आसंल. म्या न्हाई म्हनत न्हाई. पण वकीलसाहेब, श्रावणातली काळी रानं. ओढ्याच्या आंगाला माणूस गुडघ्याइतका रुततो, तितं घोडं काय टिकायलंय? खिळा मारला न्हाई मारला, घोडी बसणारच हुती. त्या चिखलाला सोडवून आना म्हनावं आदी, लय मदत क्येली त्यानं."

दिनकरराव खो खो हसले. युक्तिवाद कुणाचाही असो, चांगला जमला की त्यांना आनंद व्हायचा. म्हणाले, "याच बाकावर बसून लोक भांडत होते, माहीत आहे? जर्मन हरला तेव्हा. एक पेशकार यायचा, तो म्हणायचा, आपल्या निजाम हुजुरांनी पलटणी दिल्या, विमानं दिली, म्हणून इंग्रज तरला. दुसरा म्हणायचा, रशियातला बर्फ नसता तर तुमची विमानं घेऊन काय चाटायची होती? तिसरा अमेरिकेचा. चहा गार व्हायचा, पण एकही मागं हटायचा नाही. आणि गंमत अशी की तिघांच्याही घरातलं कुणी लढाईला गेलेलं नव्हतं." पारूबाईनं दारातून वर पाहिलं. दिनकरराव चहाचा पेला उगीच इकडून तिकडे सरकवत बसले.

"माजा चंद्रभान वेशीत हुबा ऱ्हायला म्हणून गाव वाचलं," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. एखादी शिळी गोष्ट सांगावी तसं. "खिळ्यानं न्हाई आन् चिखलानं न्हाई. मदारला सोडवायचं तर सोडवा, माजं काई म्हननं न्हाई. त्याच्या बायकूचं तोंड बघवत न्हाई मला. पण माज्या पोराच्या वाट्याचं त्याला दिऊ नगा. भावजी, आयकलं का?"

"आयकलं, वैनी," माणिकराव म्हणाले. चहा त्यांना कडू लागला. भावजी म्हणायची ती त्यांना लग्न होऊन गावात आली तेव्हापासून, आणि नवरा गेल्यावर तर तिला आधार असा यांचाच. तिच्याकडे एक बैल, यांच्याकडे एक. एका बैलावर ना नांगर चालत ना पेरणीची तिफण. म्हणून दोन्ही घरांचा वारंगुळा होता. दोघांचे बैल एका जुवाखाली जुंपायचे, आज तुझं रान, उद्या माझं. असं चालून कैक वर्षं झाली होती. तिचा हरण्या डावीकडे, यांचा तांबडा उजवीकडे. कोण किती ओढतो असं कधी कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दोन्ही घरची माणसं हसली असती.

मदारनं आत खिळा मारला हे गावाला माणिकरावांनीच सांगितलं होतं, आठवड्यापूर्वी, चावडीवर. त्याची बायको दारात येऊन पदर पसरून बसली तेव्हा. लोकांनी तोंडात बोटं घातली. पण सांगताना त्यांनी दोन गोष्टी पोटात ठेवल्या, आणि आता, हॉटेलातल्या माश्या कपबशीवर बसत-उठत असताना, त्या दोन गोष्टी सारख्या वर येत होत्या. एक, खिळा आत मारायला मदारला त्यांनीच सांगितलं होतं. दुसरी त्याहून वाईट होती. त्या दिवशी बाजारात लिंबाच्या सावलीत घोडी बांधलेली होती आणि स्वार बाजूला पान खात होते. माणिकराव कोयत्याला धार लावून घ्यायला आले होते. त्यांनी घोडी पाहिली आणि ते घाबरले. तेव्हा कुणीही घाबरलं असतं. ते मदारजवळ उकिडवे बसले, आपलीच चप्पल चाचपत, आणि खाली बघून म्हणाले, "मदारभाई, ही लांब जाऊ नयेत." मदारचा हातोडा थांबला. त्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी त्याला त्याच्या लेकीचा गळा दाबायला सांगितलं. "जनावराला कशाला वडता यात, माणिकराव?" तो पुटपुटला. "जनावर मुकं हाय." माणिकराव म्हणाले, "गावात लेकरं हायेत. तुजी बी." मग ते उठले. दोन पावलं गेले आणि त्यांना ऐकू आलं. एक स्वार कुणाला तरी विचारत होता, नदीचा उतार कुठं लागतो, पलीकडे जायचंय. हे त्यांनी ऐकलं, नीट ऐकलं. यांच्या गावाला यायचं असतं तर नदीचा उतार कशाला विचारला असता? यांच्या गावावरून फक्त वाट जात होती. त्या क्षणी मागं वळून मदारला 'राहू दे' म्हणता आलं असतं. पण वळून पाहिलं तेव्हा मदारनं घोड्याचा पाय मांडीवर घेतला होता आणि त्याचं मनगट नेहमीपेक्षा थोडं आत वळलेलं होतं. तो खिळा कुठून जातोय हे माणिकरावांना कळलं, कारण ते त्यांना मदारनंच शिकवलं होतं.

किती तरी वर्षांपूर्वीची गोष्ट. हरण्याला पहिल्यांदा नाल मारायचे होते. पाय बांधून बैल पाडला होता, आणि चंद्रभान, तेव्हा मिसरूडही नव्हतं फुटलेलं, हरण्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या कानात काहीतरी सांगत बसला होता. काय सांगत होता कोण जाणे. बैल मात्र शांत होता. मदार काम करता करता बोलत होता. खुराची बाहेरची कड मेलेली असते, नखासारखी, तिथं कितीही ठोका. आत गेलात की जिवंत मांस. आणि मधे एक जागा अशी, की खिळा मांसाला लागत नाही पण अगदी खेटून जातो. जनावर उठून चालायला लागतं, कुणाला काही कळत नाही, आणि कोस-दोन कोस चाल पडली की पाय टेकत नाही. "माज्या बापाच्या हातून उभ्या जलमात येक असा खिळा गेला," मदार म्हणाला होता, "तर त्यो त्या घरचं पानी प्याला न्हाई पुना." चंद्रभाननं विचारलं होतं, "आन् तुमच्या हातनं, चाचा?" मदार हसून म्हणाला होता, "तोबा कर." त्या हसण्याची आठवण आली की माणिकरावांना आजही कसंसंच व्हायचं. ज्याला दुखवायचं त्याचा धंदा आधी माहीत असावा लागतो, आणि तो त्यांना फुकटात शिकायला मिळाला होता.

पुढचं सगळ्या मुलखाला तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशी रझाकार निघाले, आणि ओढ्यापाशी, गावच्या ऐन तोंडाशी, पहिलं घोडं लंगडलं, मग दुसरं. स्वार खाली उतरले, लगाम धरून चिखल तुडवत वेशीकडे यायला लागले. गढीच्या बुरुजावर गोफणी घेऊन माणसं बसलेली होती. ज्वारीवरची पाखरं हाकलणारे हात ते, नेम चुकायचा नाही. खालून एकजण ओरडला, "बंडी जोडो! बंडी होना!" त्यांना गाड्या पाहिजे होत्या. घोडी बसली, गाड्या घेऊन पुढं जायचं होतं. माणिकरावांनी ते स्वच्छ ऐकलं. त्यांच्या शेजारच्यांनीही ऐकलं असेल. पण त्या शब्दांचा अर्थ फक्त त्यांनाच लागत होता, कारण उताराची गोष्ट फक्त त्यांनाच माहीत होती. आणि तरी पहिला गोटा त्यांच्याच गोफणीतून सुटला. का? भीतीनं, हे खरं. पण भीतीबरोबर आणखीही काही होतं. बुरुजावर सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. उभ्या आयुष्यात इतकी माणसं त्यांच्या तोंडाकडे कधी बघत नव्हती. मग खालून गोळी सुटली, आणि वेशीच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभा असलेला चंद्रभान बसला. पडला नाही, बसला; दमून बसावं तसा. गोट्यांचा पाऊस झाला, स्वार लंगडी घोडी टाकून माघारी पळाले, ढोल वाजले. वेशीतल्या ज्या दगडाला टेकून तो बसला होता त्याला आता हळदकुंकू लागतं, येताजाता लोक हात जोडतात. माणिकरावही जोडतात.

दुपारी गोदामातून मदारला कचेरीत आणलं तेव्हा माणिकरावांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. नालबंदाचे हात कधी रिकामे दिसत नाहीत, ते आज दिसले; दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. दाढी वाढली होती. त्यानं पारूबाईला पाहून मान खाली घातली आणि माणिकरावांकडे पाहिलंच नाही. साहेब टेबलामागं बसले होते, तरणे, थकलेले, उत्तरेकडचे. त्यांच्या मागं भिंतीवर हुजुरांच्या तसबिरीची चौकोनी पांढरी जागा तेवढी उरली होती. दिनकररावांनी माणिकरावांनी सांगितलेलं सगळं हिंदीत नीटनेटकं मांडलं: या माणसानं शत्रूची घोडी मुद्दाम लंगडी केली. साहेबांनी मदारकडे वळून विचारलं, हे खरं आहे का?

मदार म्हणाला, "नै साब."

खोलीत कुणालाच काय झालं ते कळेना. बन्सीधर तोंड उघडं टाकून बघत राहिला. "मैं बराबर ठोक्या," मदार म्हणाला. "मेरे बाप ने ठोके, दादा ने ठोके. जनावर को धोका नै दिये हम लोगां. घोडी चिखल से लंगडी होइंगी." दिनकरराव त्याच्या कानाशी लागून दात-ओठ खात म्हणाले, "अरे मूर्खा, हो म्हण, सुटशील." त्यानं मान हलवली. दिनकररावांना तो वेडा वाटला असणार. माणिकरावांना वाटला नाही. मुक्या जनावराच्या खुरात ज्यानं मुद्दाम खिळा मारला त्याच्याकडे उद्या कोण बैल घेऊन येईल? पण तेवढंच नव्हतं. पोट कसंही भरलं असतं. आपल्या हातानं जे झालं ते आपल्याच तोंडानं बोलण्यापेक्षा त्याला तुरुंग परवडत होता. आणि आणखी एक गोष्ट माणिकरावांना झोंबली. मदारनं हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला हे कुणी सांगितलं? म्हणजे तो त्यांनाही पाठीशी घालत होता. मागितली नव्हती, तरी ही मदतही करत होता.

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, आता तो स्वतःच नाही म्हणतोय. मग मी काय समजू? माणिकरावांना वाटलं, इथं गप्प बसलं तर सगळं किती सोपं आहे. मदारनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आपण काय करणार? गाव आपल्या पराक्रमानं वाचलं, चंद्रभान गावासाठी गेला, पारूबाईचा दगड दगडाच्या जागी राहील. कुणाचंच काही जाणार नाही. फक्त तो दोन लोंबते हात घेऊन त्या दारातून जाईल. रस्त्यावरून एक टांगा गेला. यावेळी चारही टापा नीट होत्या. तरी त्यांनी त्या एकेक करून मोजल्या.

"त्यानं मारला, साहेब," ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना बुरुजावरून आल्यासारखा लांबून ऐकू आला. "म्या सांगितलं म्हणून मारला. म्या समोर बसून सांगितलं, आन् मारताना डोळ्यानं बगितलं. त्यो न्हाई म्हनला हुता, म्या त्याला त्याच्या लेकरायची भीती घातली." दिनकररावांनी तोंडात बोट घातलं आणि मग घाईघाईनं हिंदी केलं. साहेब पहिल्यांदाच नीट बसले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता, कुणीही विचारला असता; गावात महिनाभर कुणी विचारला नव्हता इतकंच. ते लोक जात कुठं होते?

माणिकरावांनी मान वळवून पारूबाईकडे पाहिलं नाही. ते साहेबांच्या टेबलाच्या पायाकडे बघत म्हणाले, "नदीपल्याड. आमच्या गावावरून निस्ती वाट हुती."

"मतलब, आपके गाँव आना ही नहीं था?"

"न्हाई."

साहेबांना मात्र उलट आनंद झाला. त्यांनी बोटं मोजून दाखवली. म्हणजे घोडी लंगडली नसती तर ते पलीकडच्या गावावर गेले असते, तिथं काय केलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. या माणसामुळे ते अडले. म्हणजे यानं एक नाही, दोन गावं वाचवली. "बहुत बड़ी मदद की इसने," ते म्हणाले, आणि मदारला सोडायचा हुकूम दिला. जी मदत चिखलाएवढीसुद्धा नाही असं सकाळी ठरलं होतं ती दुपारपर्यंत दोन गावांएवढी झाली. बन्सीधर उगीच हसला. पारूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं दिनकररावांना विचारलं, "ते पल्याडचं गाव कोणतं?" दिनकररावांनी नाव सांगितलं. तिनं ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. "मला ठावं बी न्हाई ते गाव," ती म्हणाली. "तितं आपलं कोनीच न्हाई." मग तिनं गाठोडं उचललं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मदार मोकळा झाला, पण तोही त्यांच्याजवळ थांबला नाही. कचेरीच्या आवारात माणिकराव पुढं गेले, काहीतरी बोलायला म्हणून. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. मदार म्हणाला, "माज्या हाताला बट्टा लावलाव तुमी. मी मरताना बी बोल्लो नसतो." एवढंच म्हणून तो स्टेशनाकडे चालायला लागला. गाडीत तो दुसऱ्या डब्यात बसला. पारूबाई यांच्याच डब्यात, समोर, खिडकीबाहेर बघत. पूर्णेपर्यंत बन्सीधरची बडबड चालू होती, की साहेब हुशार, की गावाचं नाव झालं. पूर्णेला गाडी बराच वेळ थांबली आणि त्याचीही बडबड थांबली. माणिकराव मनाशी हिशेब मांडत होते आणि तो जमत नव्हता. मदारनं मदत केली नसती तर चंद्रभान आज तिफणीमागं असता. पण पलीकडच्या गावातले किती चंद्रभान गेले असते? त्यांना ती माणसं डोळ्यांपुढं आणून पाहावीशी वाटली. एकाचंही तोंड येईना. येत होतं ते एकच, दमून बसल्यासारखं. खरं बोललो, एक माणूस सुटला, चांगलं झालं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. चांगलं झालंच होतं. पण जिवाला कुठंच बरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेरणीपुरता जमिनीला वाफसा बरा होता. दैवशालानं बियाण्याची ओटी बांधली, माणिकरावांनी तिफण जुंपली. वारंगुळ्याच्या रिवाजानं आज यांचं रान होतं आणि हरण्या कालपासून यांच्याच गोठ्यात होता. एक फेर झाला. दुसऱ्या फेराला बांधावर पारूबाई दिसली, हातात कासरा. दैवशालानं हाक मारली, "या वैनी, भाकर खायाला या." पारूबाई आली, पण भाकरीला नव्हे. ती हरण्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बैल सोडा माजा."

दैवशाला नवऱ्याकडे बघायला लागली. "वैनी, पेरनी हाय," ती म्हणाली. "तुमचं बी रान पडून ऱ्हाईल की. येका बैलावर कोनाचं बी व्हायाचं न्हाई."

"पडून ऱ्हाऊ द्या," पारूबाई म्हणाली.

माणिकरावांनी एक शब्द बोलायचा प्रयत्न केला. "वैनी, म्या..." त्यांनी वाकून हरण्याच्या मानेखालची जुपणी सोडली. तिनं वेसणीला कासरा लावला आणि ओढलं. बैल चार पावलं गेला, थांबला, आणि सरळ माघारी येऊन तांबड्याच्या डाव्या अंगाला, आपल्या जागेवर, मान खाली घालून उभा राहिला. आपणहून जुवाखाली मान द्यायची, ही सवय त्याला चंद्रभाननं लावली होती. लहानपणी गूळ चारून, कानात बोलून. गावात सगळे त्याचं कौतुक करायचे. पारूबाईनं पुन्हा ओढलं. बैल पुन्हा आला. तिसऱ्यांदा ओढता ओढता ती कासरा हातात धरून तशीच ढेकळात बसली, अगदी तशी, दमून बसावं तशी. माणिकरावांना ते बघवेना. पण तिनं वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"मला त्येला मारवत न्हाई," ती म्हणाली. "तुमीच हाना, माणिकराव."

आज ती 'भावजी' म्हणाली नाही. दैवशालानं पदर तोंडाला लावला. हरण्या जू शोधत मान हलवत होता, आणि तांबडा त्याच्याकडे कूस वळवून उभा होता, रोजच्यासारखा. माणिकरावांनी तिफणीला टेकवलेला चाबूक उचलला. इतक्या वर्षांत या बैलाला त्यांनी कधी मारलं नव्हतं. मारायची गरजच पडली नव्हती. त्यांनी हात वर केला आणि खाली, त्याच्या खुरांकडे बघत, चाबूक ओढला.